ठासणीच्या रायफलने हरणाची शिकार: गोळी आणि दारू कशी निवडायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

अमेरिकेतल्या बऱ्याच राज्यांत हरणाच्या शिकारीचा एक वेगळा हंगाम फक्त ठासणीच्या बंदुकांसाठी (मझललोडर, म्हणजे दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून ठासून भरायची बंदूक) राखलेला असतो. तिथे राहणारी जी मराठी मंडळी पहिल्यांदाच या हंगामाला उतरतात, त्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. वेगळं सांगितलेलं नसेल तिथे आकडे .50 कॅलिबरच्या (नळीचं भोक अर्ध्या इंचाचं) रायफलचे समजावेत. बंदुकीसोबत आलेल्या पुस्तिकेतली कमाल मर्यादा इथल्या आकड्याहून कमी असेल, तर पुस्तिकेचंच ऐकायचं.

आधी काय ठरवायचं, गोळी की दारू?

दोन्ही नाही. आधी राज्याचा नियम वाचायचा, मग नळीचा पीळ बघायचा, त्यावरून गोळी ठरते आणि गोळीवरून दारू. लोक नेमकं उलट करतात. दुकानात सवलतीत मिळाली म्हणून दारूची बाटली आणतात, खोक्यावरचं चित्र बघून गोळ्या घेतात, आणि मग 50 यार्डांवर कागदावर ताटाएवढा ग्रूप (भोकांचा पसारा) पडला की दुर्बिणीला दोष देतात.

राज्याच्या नियमांचा गोळीशी काय संबंध?

फार जवळचा. कोलोरॅडोत ठासणीच्या हंगामात सॅबो (गोळीभोवतीचा प्लास्टिकचा पेला), दारूच्या तयार वड्या आणि दुर्बीण या तिन्हींना बंदी आहे. हरणासाठी किमान .40 आणि एल्कसाठी किमान .50 कॅलिबर लागतं. शिवाय .40 ते .50 कॅलिबरची गोळी किमान 170 ग्रेन (साडेपंधरा ग्रेनचा सुमारे एक ग्रॅम) वजनाची हवी, .50च्या वर 210 ग्रेनची. इथे एक मेख आहे. .45च्या रायफलमधली गोल शिशाची गोळी भरते जेमतेम 128 ग्रेन. म्हणजे कॅलिबर नियमात बसतं, गोळी बसत नाही! .45 वापरायची असेल तर लांबट गोळीच घ्यावी लागते.

आयडाहोतल्या खास ठासणीच्या हंगामात सॅबो चालत नाही आणि 209 प्रायमरही (दारू पेटवणारी शॉटगनची टोपी) चालत नाही. केप (घोडा पडताच फुटून ठिणगी देणारी छोटी टोपी) किंवा गारगोटीच लागते. पेनसिल्वेनियात नाताळनंतर सुरू होणारा हंगाम फक्त गारगोटीच्या बंदुकांचा. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2019 पासून कुठल्याही शिकारीला शिशाची गोळी चालत नाही. हे नियम दर एक-दोन वर्षांनी थोडेफार हलतात, म्हणून चालू वर्षाची पुस्तिका राज्याच्या वन्यजीव विभागाच्या संकेतस्थळावरून उतरवून घ्यावी आणि ‘मझललोडर’ हे प्रकरण पूर्ण वाचावं. दुकानदाराच्या तोंडी माहितीवर परवाना पणाला लावू नये.

नळीचा पीळ म्हणजे काय आणि तो कसा मोजायचा?

नळीच्या आतले आटे किती इंचांत एक पूर्ण फेरा घेतात, तो तिचा पीळ. 1:66 म्हणजे 66 इंचांत एक फेरा, हा मंद पीळ. 1:28 म्हणजे 28 इंचांत एक फेरा, हा जलद पीळ. बहुतेक नळ्यांवर तो कोरलेला असतो. नसेल तर रिकाम्या बंदुकीत मोजता येतो. मूठ ज्याच्यावर मोकळी फिरते असा सफाईचा गज घ्या, टोकाला घट्ट बसणारं फडकं लावून तळापर्यंत घाला. नळीच्या तोंडाशी गजावर एक खूण करा. आता गज हळूहळू बाहेर ओढा आणि खुणेने पाव फेरा घेईपर्यंत गज किती इंच बाहेर आला ते मोजा. 12 इंच आला असेल तर पीळ 1:48. सात इंच आला असेल तर 1:28.

गोळी जितकी लांब तितका तिला जास्त जलद पीळ लागतो, नाहीतर ती हवेत डोलते आणि कागदाला आडवी लागते. भोक गोल न पडता किल्लीच्या भोकासारखं लांबट पडलं, तर पीळ अपुरा आहे असं समजावं. अंदाजासाठी ग्रीनहिलचं जुनं सूत्र पुरतं: गोळीच्या व्यासाचा वर्ग (इंचांत) गुणिले 150, भागिले पिळाचे इंच, उत्तर येतं ती गोळीची जास्तीत जास्त लांबी. .50च्या नळीत 1:28ला साधारण 1.34 इंच, 1:48ला 0.78 इंच आणि 1:66ला 0.57 इंच. शेवटचा आकडा बघितलात तर कळेल की 1:66च्या नळीत अर्ध्या इंचाची गोल गोळी सोडून दुसरं काही घालण्यात अर्थ नाही. सॅबो वापरत असाल तर व्यास नळीचा नाही, आतल्या गोळीचा धरायचा.

माझ्या नळीला 1:48चा पीळ आहे. मग काय वापरू?

हा पीळ दोघांनाही खूश ठेवायला बघतो. फडक्यात गुंडाळून ठासलेली गोल गोळी बरी जाते आणि बुटकी, जाड शिशाची कोनिकलही (पुढे निमुळती, लांबट गोळी) बरी जाते. लांब, टोकदार सॅबो गोळीच्या नादी लागू नका. एखाद्या नळीत ती चालूनही जाते, पण त्या भरवशावर वीस गोळ्यांची महागडी पाकिटं जाळण्यापेक्षा आखूड गोळीपासून सुरुवात केलेली बरी.

गोल गोळीचं नेमकं माप काय घ्यायचं?

नळीच्या मापापेक्षा किंचित लहान. उरलेली फट तेलकट फडकं भरून काढतं. .50च्या नळीला .490 इंचाची गोळी आणि .015 इंच जाडीचं फडकं ही नेहमीची जोडी. गोळी 177 ग्रेनची. .54ला .530ची गोळी, ती 224 ग्रेनची. .45ला .440ची.

फडकं घट्ट विणीच्या शुद्ध सुती कापडाचं हवं. गादीच्या खोळीचं पट्ट्यापट्ट्यांचं कापड यासाठी प्रसिद्ध आहे. पॉलिएस्टरची भेसळ असेल तर ते नळीत वितळून चिकटतं. नवं कापड एकदा धुऊन खळ काढून टाकावी.

बार काढल्यावर दहा-पंधरा पावलांवर पडलेलं फडकं उचलून बघण्याची सवय लावा, कारण त्याच्यावर बऱ्याच प्रश्नांची उत्तरं असतात. मध्यभागी काळा डाग आणि कडा झिरमिळ्या झालेल्या, पण कापड अखंड, तर सगळं ठीक. मधोमध जळून भोक पडलं असेल तर वंगण कमी आहे किंवा दारू जास्त. आट्यांच्या रेषांवर चिरलेलं असेल तर नळीच्या तोंडाची धार तीक्ष्ण आहे किंवा गोळी फार मोठी. काळ्या रेषा कडेपर्यंत गेल्या असतील तर फट राहते आहे. फडकं जाड घ्या.

कोनिकल गोळी कधी घ्यावी?

एल्कसारखं मोठं जनावर असेल, किंवा राज्याने सॅबो बंद केला असेल तर. .50साठी या गोळ्या साधारण 300 ते 400 ग्रेनच्या मिळतात. वजनामुळे आत खोल जातात आणि बहुधा आरपार निघतात. शिसं मात्र मऊ, शुद्ध हवं. बाराच्या दाबाने गोळीचा बुडखा फुगून आट्यांत घट्ट बसला पाहिजे. गाडीच्या चाकांच्या वजनांचं कडक शिसं फुगत नाही, बाजूने वायू निसटतो आणि नेम सुटतो. नखाने सहज चरा पडला तर शिसं चालेल.

एक धोका ध्यानात ठेवा. कोनिकलला फडक्याची पकड नसते. बंदूक तोंड खाली करून दिवसभर खांद्यावर असली की गोळी पुढे सरकू शकते. दर तासा-दोन तासांनी, बंदुकीवर केप किंवा प्रायमर नसताना, गज घालून खूण जागेवर आहे का ते बघा.

आधुनिक इनलाइन रायफलला सॅबोच का सुचवतात?

इनलाइन म्हणजे प्रायमर नळीच्या बरोबर मागे, सरळ रेषेत असलेली रायफल. कारण असं की तिचा पीळ बहुतेक वेळा 1:28 असतो आणि तो लांबट, टोकदार गोळीसाठीच दिलेला असतो. सॅबोत .451 किंवा .452 इंचाची पिस्तुलाच्या मापाची गोळी बसते. प्लास्टिक आटे पकडतं, गोळीला फिरवतं आणि नळीबाहेर पडल्यावर पाकळ्या उघडून मागे राहतं. 250 ते 300 ग्रेनची गोळी हरणाला भरपूर होते. हॉर्नेडीची एसएसटी, बार्न्सची टी-ईझेड, हार्वेस्टरची स्कॉर्पियन ही रोज दिसणारी नावं. पॉवरबेल्ट सॅबो नाही: गोळी पूर्ण मापाची असते आणि प्लास्टिकचा छोटा तळ मागे टिचकीने बसवलेला असतो. ती नळीत फार सहज उतरते, हे तिचं आकर्षण. जास्त दारूवर जवळून मारली तर मऊ शिशाची आवृत्ती फार लवकर पसरते, म्हणून तिच्यामागे 100 ग्रेनच्या आतच थांबलेलं चांगलं.

सॅबो किती घट्ट हवा? गजावर दोन्ही हातांनी सलग, स्थिर दाब द्यावा लागला पाहिजे. अंगठ्याने सरळ खाली जात असेल तर तो फार सैल. गजावर उडी मारावी लागत असेल तर फार घट्ट, आणि अशा ओढाताणीत गोळीचं टोक चेपतं. नळी तापली की प्लास्टिक मऊ पडतं, म्हणून निशाणा लावताना दोन बारांमध्ये नळी हाताला कोमट लागेपर्यंत थांबायचं. उन्हाळ्यात रेंजवर हा संयम कुणाकडेच नसतो, आणि तिसरी-चौथी गोळी भरकटते ती बहुधा त्यामुळेच.

तांब्याची गोळी की शिशाची?

जिथे शिशाला बंदी आहे तिथे प्रश्नच नाही. बाकी ठिकाणी तांब्याचा फायदा असा की गोळी तुटत नाही, वजन टिकवून आत जाते आणि मांसात शिशाचे कण राहत नाहीत. तोटा दोन बाजूंनी: तांबं हलकं, त्यामुळे त्याच वजनाची गोळी लांब होते आणि जलद पीळ मागते, आणि ती उमलायला वेग लागतो. हलक्या भारावर (कमी दारूवर), लांब अंतरावर ती पेन्सिलीसारखं भोक पाडून निघून जाऊ शकते.

काळ्या दारूत 2एफ, 3एफ म्हणजे काय?

दाण्याचा आकार. काळी दारू म्हणजे सोरा 75, कोळसा 15, गंधक 10 हे जुनंच प्रमाण, फरक दाण्याचा. एफ जितके जास्त तितका दाणा बारीक आणि जळणं जलद. .50 आणि वरच्या रायफलला 2एफ, .45 आणि खालच्या मापाला 3एफ, गारगोटीच्या बंदुकीच्या कानात (नळीच्या बाजूच्या छोट्या वाटीत) रंजक, म्हणजे पेटवायची दारू, म्हणून 4एफ. 4एफ मुख्य बाराला कधीही वापरू नये. .50मध्ये 3एफही बरेच जण वापरतात. तेव्हा 2एफच्या भारातून दहा ते पंधरा टक्के कमी करून सुरुवात करतात.

रंजक तीन-चार ग्रेनच, आणि नळीच्या भोकाच्या खालच्या पातळीपर्यंत. कान गच्च भरला तर बार लवकर सुटेल असं वाटतं, पण होतं उलटं: ज्वाळेला आत उडी मारता येत नाही, दारू वातीसारखी जळत जाते आणि बार उशिरा पेटतो.

पायरोडेक्स, ट्रिपल सेव्हन, ब्लॅकहॉर्न 209 यांत काय निवडू?

गारगोटीची बंदूक असेल तर यांतलं काहीच नको. या तिन्ही काळ्या दारूऐवजी वापरायच्या पर्यायी दारू आहेत. पर्यायी दारू पेटायला जास्त उष्णता मागते आणि गारगोटीची ठिणगी तेवढी देत नाही. खरी काळी दारूच आणा, गोएक्स, स्विस, शुत्झेन, जी मिळेल ती.

केपची बंदूक असेल तर पायरोडेक्स आरएस किंवा ट्रिपल सेव्हन 2एफ चालते. पायरोडेक्स काळ्या दारूच्या मापानेच भरायची. ट्रिपल सेव्हनमध्ये गंधक नाही, त्यामुळे सडक्या अंड्याचा वास नाही आणि नळी साध्या पाण्याने निघते. पण ती मापाला माप जास्त जोरकस आहे. काळ्या दारूइतकाच परिणाम हवा असेल तर माप 15 टक्क्यांनी कमी करा, म्हणजे 100च्या जागी 85. ही दारू दाबून चेपायचीही नसते. गोळी तिला नुसती टेकली की पुरे. तिचा एक त्रास सर्वांना होतो: 209 प्रायमरसोबत वापरली की गोळी बसते त्याच्या जरा वर काजळीचं कडक कडं तयार होतं. पुढची गोळी तिथेच अडते आणि वाटतं की तळाला पोहोचली. उपाय म्हणजे मुद्दाम सौम्य बनवलेले मझललोडरचे प्रायमर, आणि प्रत्येक बारानंतर एक ओलसर व एक कोरडं फडकं.

ब्लॅकहॉर्न 209 ही महाग, पण इनलाइनवाल्यांची लाडकी. काजळी फार कमी. न पुसता बरेच बार काढता येतात. तिच्या अटी मात्र कडक आहेत. शॉटगनचा पूर्ण ताकदीचा 209 प्रायमरच हवा, केपवर ती पेटत नाही. गोळी घट्ट हवी, कारण दाब तयार झाल्याशिवाय ती नीट जळत नाही. ब्रीच प्लग (नळीचं मागचं तोंड बंद करणारं आटेदार बूच) तिला साजेसा हवा, म्हणजे प्रायमरची ज्वाळा अडथळ्याविना थेट दारूवर पडणारा. ‘ब्लॅकहॉर्न पेटतच नाही’ ही तक्रार येते तेव्हा चूक दारूची क्वचितच असते. प्लगच्या भोकात साचलेला कार्बन किंवा सौम्य प्रायमर, बहुधा यांतलं एक.

ग्रेन म्हणजे वजन की माप?

इथेच सगळ्यात जास्त गोंधळ होतो, आणि तो धोक्याचा आहे. ग्रेन हे मुळात वजन: 7000 ग्रेन म्हणजे एक पौंड, 15.43 ग्रेन म्हणजे एक ग्रॅम. पण ठासणीच्या बंदुकीचे भार मापाने सांगतात. ‘100 ग्रेन’ म्हणजे 100 ग्रेन वजनाची काळी दारू जेवढी जागा घेईल तेवढं माप. पर्यायी दारू हलकी असते, त्यामुळे तेच माप तराजूवर कमी भरतं. ब्लॅकहॉर्नचं 100 ग्रेनचं माप तराजूवर सुमारे 70 ग्रेन भरतं, 120चं सुमारे 84. आता कुणी तराजूवर 100 ग्रेन ब्लॅकहॉर्न तोलली, तर त्याने प्रत्यक्षात 143च्या आसपासचा भार भरला. तो कमाल मर्यादेच्या कितीतरी वर आहे.

म्हणून पितळेचं सरकतं माप घ्या, प्रत्येक वेळी सारखंच भरा, सारख्याच टिचक्या मारा आणि वरचा थर कडेने सपाट करा. दारूच्या शिंगातून किंवा बाटलीतून थेट नळीत कधीही ओतू नका. आधीच्या बाराची एखादी ठिणगी आत धुमसत असेल तर मापातली दारू भडकली तर भाजण्यावर निभावेल, अख्खी बाटली भडकली तर हातच जाईल.

तयार वड्या बऱ्या की सुटी दारू?

वड्या सोयीच्या: 50 ग्रेनच्या दोन टाकल्या की 100. थंडीत बधिर बोटांनी मापाशी झटापट नको. पण नेमकेपणा वाढवायचा तर 50 ग्रेनच्या वड्यांनी 50 आणि 100च्या मधलं काहीच मिळत नाही, आणि कित्येक नळ्यांचा आवडता भार 85 किंवा 90 असतो. पायरोडेक्सच्या वडीचं एक टोक काळं असतं, ते प्रायमरच्या बाजूला यायला हवं; उलटी पडली तर बार फुसका जाण्याची शक्यता वाढते. वडीचा तुकडा पडला असेल तर ती वापरू नका. तीन वड्यांचा 150चा भार जाहिरातीत छान दिसतो, प्रत्यक्षात धक्का आणि काजळी वाढते आणि वेग त्या मानाने थोडाच. शिकारीला त्याची गरज नाही.

मग नेमकी किती दारू भरू?

गोल गोळीला 60 ग्रेन 2एफपासून सुरुवात करा; हरणासाठी शेवट 70 ते 90च्या दरम्यान होतो. कोनिकलला 70पासून 90-100पर्यंत. सॅबोला इनलाइनमध्ये 80पासून 100-110पर्यंत. .54च्या गोल गोळीला 80 ते 110. ट्रिपल सेव्हन असेल तर वरचे आकडे 15 टक्क्यांनी उतरवा.

पाच-पाच ग्रेनने वाढवत जा. प्रत्येक भाराचे तीन बार, 50 यार्डांवर, टेकू घेऊन, दर बारानंतर सारखंच पुसून. एका वेळी एकच गोष्ट बदला. ग्रूप आवळत येतो, मग परत पसरायला लागतो; आवळलेला भार तो तुमचा. तो बहुतेक वेळा कमाल मर्यादेच्या बराच खाली सापडतो. पुढे दारू वाढवली तर तिचा काही भाग नळीबाहेरच जळतो. नंतर तोच भार 100 यार्डांवर तपासा. शिकारीत पहिला बार थंड, स्वच्छ नळीतून जाणार असतो, म्हणून तो पहिला बार कुठे पडतो हे वेगळं नोंदवून ठेवा; काजळी असलेल्या नळीपेक्षा तो दोन-तीन इंच बाजूला पडू शकतो.

घरात रायफलची धूरविरहित दारू पडली आहे. थोडीशी चालेल का?

नाही. थोडीशीही नाही, काळ्या दारूत मिसळूनही नाही. त्याच मापात तिच्यात कितीतरी जास्त ऊर्जा असते आणि नळी फुटते. ब्लॅकहॉर्न नायट्रोसेल्युलोजवर आधारित असली तरी ती याच बंदुकांसाठी बनवलेली आहे. तिचं उदाहरण देऊन कुणी दुसरी दारू सुचवली तर ऐकू नका. निर्मात्याने धूरविरहित दारूसाठीच बनवलेल्या मोजक्या रायफली बाजारात आल्या, पण तुमची त्यातली असेल तर तसं तिच्या पुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं असेल.

भरताना क्रम कसा असावा?

बंदूक रिकामी आहे का ते गज घालून बघा: रिकाम्या आणि भरलेल्या नळीसाठी गजावर दोन वेगळ्या खुणा हव्यातच. नळीतलं तेल कोरड्या फडक्याने पुसा. केपची बंदूक असेल तर रिकाम्या नळीत, सुरक्षित दिशेला, एक-दोन केपा फोडा. नळीच्या तोंडाशी धरलेलं गवताचं पातं हललं की वाट मोकळी आहे. मग माप ओता, नळीवर बाजूने दोन चापट्या मारा, गोळी छोट्या दांडीने सुरू करा आणि गजाने एका दमात तळापर्यंत न्या. गज तोंडापासून वीतभर वर धरून थोडा-थोडा दाबा; लांब पकडलात तर लाकडी गज मोडतो आणि तळहातात घुसतो. खूण जुळली का बघा. केप किंवा प्रायमर अगदी शेवटी, शिकारीच्या जागी पोहोचल्यावर.

गोळी आणि दारूमध्ये फट राहिली तर ती गोळी अडथळ्यासारखी वागते; दाब अचानक चढतो आणि नळीला त्या जागी कडं फुगतं किंवा ती फाटते. या बंदुकांत होणाऱ्या नुकसानीचं हे फार मोठं कारण आहे, आणि गजावरची एक खूण ते टाळते.

बार झाला नाही तर?

तोंड सुरक्षित दिशेला धरून किमान एक मिनिट, दोन धरलीत तर उत्तम, हलू नका. उशिरा पेटलेला बार याच वेळात सुटतो. मग नवी केप लावून पुन्हा. तरीही नाही, तर निपलच्या (केप बसते त्या छोट्या नळकुटीच्या) भोकात सुई घाला. दारू टाकायची राहिली आणि नुसती गोळीच ठासली असेल (होतं, गप्पांच्या नादात तर नक्की होतं), तर निपल काढून मागून चिमूटभर दारू सरकवा, गोळी गजाने तळाला टेकलेली आहे याची खात्री करा आणि उडवून टाका. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या सिलिंडरचं यंत्र असेल तर त्याहून सोपं.

पाऊस आणि थंडीत काय काळजी घ्यायची?

नळीच्या तोंडाला विजेच्या कामाच्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावा. गोळीच्या पुढची हवाच तो उडवते, नेमावर परिणाम होत नाही. केप बसल्यावर निपलच्या कडेला किंचित मेण. भरलेली बंदूक थंडीतून उबदार घरात आणू नका, आत दव धरतं. केप-प्रायमर काढून ती थंड आणि कुलूपबंद जागी ठेवा. आपल्या राज्यात केप काढलेली पण ठासलेली बंदूक ‘रिकामी’ धरतात का, हे आधी वाचून घ्या. शंका असेल तर संध्याकाळी बार मातीत काढून टाका आणि सकाळी नव्याने भरा.

साफसफाई त्याच दिवशी करायलाच हवी का?

हो. काळी दारू जळल्यावर तिचा निम्म्याहून जास्त भाग घन राख म्हणून मागे राहतो, ती हवेतलं पाणी ओढते आणि रात्रीत गंज धरतो. कोमट पाणी आणि भांडी घासायचा साबण पुरतो, नंतर पूर्ण कोरडं करून तेल. ब्लॅकहॉर्नला पाणी चालत नाही, तिला द्रावक लागतो. ब्रीच प्लगच्या भोकातला कार्बन 1/8 इंचाच्या ड्रिल बिटाने हाताने फिरवून काढा. यंत्राला लावू नका, भोक मोठं होईल. प्लगच्या आट्यांना वंगण लावायला विसरलात तर पुढच्या हंगामात तो निघणार नाही.

किती लांबून मारावं?

.490ची गोल गोळी 1900 फूट प्रति सेकंदाने निघाली तर तोंडाशी सुमारे 1400 फूट-पौंड ऊर्जा असते, पण 100 यार्डांवर तिचा जेमतेम एक तृतीयांश भाग उरतो. म्हणून हरणाला 75 यार्डांच्या आत. त्याच वेगाने निघालेली 250 ग्रेनची सॅबो गोळी 100 यार्डांवर जुळवली, तर 150वर सुमारे 5 इंच आणि 200वर सुमारे 15 इंच खाली पडते. 150च्या पुढे अंतराचा अंदाज वीस यार्डांनी चुकला तरी जनावर जखमी होऊन पळतं. जनावर आडवं उभं असताना, पुढच्या पायाच्या मागे. दुसरा बार मिळणार नाही असं धरूनच.

मी एच-1बी किंवा एफ-1 व्हिसावर आहे. मला चालेल का?

अशा व्हिसाधारकांना अमेरिकेच्या फेडरल कायद्याने बंदूक आणि दारूगोळा बाळगायला सर्वसाधारण मनाई आहे; राज्याचा वैध शिकार परवाना असणाऱ्यांना त्यातून सूट आहे. काळ्या दारूवर चालणाऱ्या बऱ्याच ठासणीच्या बंदुका फेडरल व्याख्येत ‘पुरातन’ गटात मोडतात, पण ज्या फ्रेमवर काडतुसाची नळीही बसते अशी मॉडेलं मोडत नाहीत. राज्यांचे कायदे आणखी वेगळे. स्थलांतराचा अर्ज चालू असेल तर खरेदीआधी वकिलाला विचारा, ही फी वाया जात नाही.

कोकणात घरी आजोबांची ठासणीची बंदूक आहे. तिला हे आकडे लागू होतात का?

नाही. त्या नळ्या बहुधा बिनआट्यांच्या, गावठी बनावटीच्या आणि जुन्या. त्यांचा दाब कुणी तपासलेला नाही. शिवाय भारतात वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 खाली शिकारीला बंदी आहे. शेती संरक्षणाचा परवाना हा शस्त्र बाळगण्याचा परवाना आहे, डुक्कर मारण्याचा नाही. त्यासाठी वनखात्याची वेगळी लेखी परवानगी लागते.

दारू आणि केपा विमानातून नेता येतात का?

हातातल्या सामानातही नाही आणि चेक-इनमध्येही नाही. काळी दारू, पर्यायी दारू, केपा, सगळ्यांनाच मनाई. दुसऱ्या राज्यात शिकारीला जात असाल तर तिथल्या दुकानात फोन करून तुमचीच दारू, त्याच दाण्याची, आधी राखून ठेवायला सांगा. दुसरीच मिळाली तर किमान एक सकाळ तिथल्या रेंजवर घालवून नेम पुन्हा जुळवावा लागेल. रिकामी बंदूक कुलूपबंद पेटीत चेक-इन करता येते. इनलाइन असेल तर ब्रीच प्लग काढून ठेवा, तपासणाऱ्याला नळी आरपार दिसते. जुनी बंदूक असेल तर आदल्या दिवशीच कसून धुऊन घ्या, दारूचा अंश राहिला तर ती तिथेच अडकते.